कादंबरीतल्या मुलाची चौकशी

आमच्या भागात मुलीला स्थळ आलं की मुलाला कोणी काही विचारत नसे, त्याच्या गावाला विचारत. घरातलं एखादं कर्तं माणूस बैल बघायच्या निमित्तानं त्या गावी जाई, पारावर बसे, न्हाव्याकडून दाढी करून घेई आणि बैलाचं बोलता बोलता हळूच मुलाचं काढी. सालदार गड्याशी बोलतो कसा, आईला काय हाक मारतो, संध्याकाळी कोणाबरोबर दिसतो. बैल मात्र कधीच पसंत पडत नसे. माझ्या वडिलांनी भाऊबंदातल्या मुलींसाठी असे कितीतरी बैल नापसंत केले आणि त्यातला एकही आमच्या गोठ्यात आल्याचं मला आठवत नाही.

मला हे सगळं फार गावठी वाटायचं. प्रेम ही काय दात मोजून घ्यायची वस्तू आहे का, असं मी मनात म्हणायची. मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती. पुढे एका उन्हाळ्यात हीच चौकशी एका कादंबरीच्या नायकाची झाली, माझ्या डोळ्यांदेखत, उडदाचे पापड लाटता लाटता. त्या चौकशीचे माझ्यावर उपकार आहेत.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं असेल. रावेरकडचं आमचं गाव, चहूबाजूंनी केळी, आणि गावाला लागून आगगाडीची लाइन. मी बारावी होऊन घरी बसले होते. घरी बसले होते म्हणजे वडील बैल बघत होते.

केळी भरायला ट्रक येत, त्यांच्याबरोबर व्यापाऱ्याकडून एक तरुण यायचा. घड मोजून घ्यायचं त्याचं काम. काळा चष्मा, वरची दोन बटणं उघडी आणि राजदूत मोटारसायकल. कॉलेजातून त्याला काढून टाकलं होतं असं गावात म्हणत, आणि तो ते खोडून काढत नसे. एकदा बसस्टँडवर मुलींकडे बघून शीळ घालणाऱ्या एकाला त्यानं सगळ्यांसमोर बडवलं. त्या दिवसापासून मी आमच्या मळ्यात केळी भरायचा दिवस कधी येतो याकडे डोळे लावून बसायला लागले.

त्याच बसस्टँडमागच्या एका दुकानात सायकलीचं सामान आणि भाड्याच्या कादंबऱ्या एकत्र मिळत. पुस्तकांना वंगणाचा वास यायचा. मी तिथं एक पुस्तक चाळत उभी असताना तो आला, फळीवरून एक जाड कादंबरी काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ही वाच. यात मी आहे."

एवढं बोलून गेला. मला घरापर्यंतचा रस्ता आठवत नाही.

कादंबरी अशी होती. मुंबईतल्या एका गिरणीमालकाचा मुलगा. दारू, जुगार, मारामाऱ्या, लांबलचक विलायती मोटार. वाया गेलेला, पण डोळे असे की समोरच्यानं मान खाली घालावी. आणि एक मुलगी, आईबाप लहानपणीच गेलेले, मामाकडे वाढलेली, गिरणीच्या ऑफिसात टायपिस्ट. तो तिला भर ऑफिसात बोलतो, तिचा मनगटाला धरून हात पिरगाळतो, ती रडते, आणि रडताना तिला कळतं की आपलं याच्यावर प्रेम आहे. मी ती दोन दिवसांत वाचली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

तेवढ्यात वाळवणाचे दिवस आले. आमच्या गल्लीत पापड एकटीनं कोणी लाटत नसे. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, असं आठ-दहा घरांचं चक्र चाले. दुपारची जेवणं उरकली की सगळ्या बाया आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन ठरलेल्या घरी जमत. लोणच्याच्या कैऱ्या फोडताना माझं बोट चिरलं होतं आणि पापडाच्या पिठात खार आणि मिरे, त्यामुळे मला लाटायला बसवता येईना. रिकामी बसलेली मुलगी आमच्या मोठ्या काकूला बघवत नसे.

"पुस्तकात तोंड खुपसून बसतेच आहे तं मोठ्यानं वाच ना," ती म्हणाली. "आमच्या बी कानावर पडू दे."

ही काकू शेजारची. गल्लीचा कारभार तिच्याकडे होता, कोणी दिला नव्हता तरी. मी थोडे आढेवेढे घेतले आणि वाचायला लागले. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. तो सगळ्या गल्लीला आवडावा असं मला वाटत होतं, आणि तो म्हणजे नायक नव्हे, हे माझं मला माहीत होतं.

पहिल्या दिवशी कादंबरी जिंकली. हे मी आजही कबूल करते, कारण पुढे तिच्याविषयी बरंच वाईट बोलायचं आहे. त्या लेखकाला प्रकरण कुठे तोडायचं ते कळत होतं. दर वीस-पंचवीस पानांनी सगळी लाटणी थांबायची. उडदाची लाटी थांबली की वाळते आणि कडेनं तडकते, त्यामुळे त्या वर्षीचे पापड कुठे जाड, कुठे फाटके झाले. पावसाळ्यात आई पापड तळायची तेव्हा मला ओळखू यायचं, हा मोटारीच्या अपघाताचा, हा पत्त्यांच्या क्लबातला.

आणि एक वाक्य होतं. त्यात विशेष काही नाही. तो तिला जिन्यात गाठतो आणि तिच्या नावानं हाक मारतो, एवढंच. मी ते वाचलं आणि ओसरीवर एकदम शांत झालं. मग काकू म्हणाली, "माह्या घरच्यानं तीस वर्षांत मले नावानं हाक मारली नही. 'आइकलं का' वरच संसार झाला."

सगळ्या हसल्या, आणि हसता हसता एकेक बोलायला लागल्या. माझी आई, जी नवऱ्याविषयी कधी अवाक्षर काढत नसे, ती म्हणाली की लग्नानंतर पहिल्या वर्षी यांनी जळगावहून गजरा आणला होता, पण देताना लाज वाटली म्हणून बैलाच्या शिंगाला बांधला. मी आईकडे बघतच राहिले. त्या बायांना पुरुषातलं काय आवडतं हे तोवर त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, आणि त्या भाड्याच्या वंगणट पुस्तकानं ते विचारलं. त्याचे एवढे उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशी सुरू झाली.

"याचं गाव कोनतं म्हने?" काकूनं विचारलं.

"मुंबई."

"मुंबई काय गाव असतं का? मूळ गाव?"

लेखकानं ते दिलं नव्हतं.

"मामा कोन?"

तेही दिलं नव्हतं.

"जठी गाव नही सांगत अन् मामा नही सांगत, तठी काहीतरी दाबेल असतं," काकू म्हणाली आणि लाटी पोळपाटावर आपटली.

मी चिडले. म्हटलं, ही गोष्ट आहे, स्थळ नाही. पण त्यांना गोष्ट ऐकायची दुसरी रीतच ठाऊक नव्हती. तरुण मुलगा, लग्नाचा, समोर आला की चौकशी करायची. त्यांनी त्याला तीन दुपारी उलटापालटा करून पाहिला. हा काम काय करतो? गिरणी बापाची, हा तर कधी गिरणीत पाऊल टाकत नाही. जेवतो कधी? दीडशे पानं झाली, याच्या पोटात दारूशिवाय काही गेलं नाही. याची आई मेलेली दाखवली, का, तर सासू आणली की तिच्याशी हा कसा बोलतो ते लिहावं लागलं असतं. ड्रायव्हरला हा 'ए' म्हणून हाक मारतो, त्यावर माझी आई म्हणाली, "जो गड्याले 'ए' म्हनतो तो बायकोले दुसरं काय म्हनीन?" आणि इतक्या वेळा चुकतो, पण चुकलं असं एकदाही म्हणत नाही. मुलगीच दर वेळी त्याच्या वतीनं स्वतःला समजावते.

आता माझे केस पांढरे झाले, मी पुष्कळ वाचलं, कादंबऱ्यांवर लिहिलेलं मोठमोठ्या माणसांचंही वाचलं. वाया गेलेल्या नायकाच्या कादंबरीत काय कच्चं असतं ते इतकं नेमकं सांगणारं मला अजून कोणी भेटलेलं नाही.

या बायांमध्ये एक वहिनी होती. भाऊबंदातली, माहेर शिंदखेड्याचं. तिची बोली आमच्याहून वेगळी, 'आहे'च्या जागी 'शे' म्हणायची, त्यावरून नवी नवी असताना तिला सगळे इतकं हसले होते की तिनं बोलणंच कमी करून टाकलं. लिहायला-वाचायला येत नव्हतं. ती माझ्या शेजारी बसायची आणि तिचे पापड सगळ्यांत पातळ व्हायचे. ती त्या तीन दुपारींत एकदाच बोलली. नायक मुलीचा हात पिरगाळतो आणि तिच्या अंगावर रोमांच उभे राहतात, हे मी रंगवून वाचत होते. वहिनीनं मान वर न करता विचारलं, "तिले दुखनं नही का?"

बाया हसल्या. मीही हसले. पण लेखकानं खरोखरच लिहिलं नव्हतं की तिला दुखलं. मी ते पान रात्री पुन्हा बघितलं, नव्हतंच.

त्याच आठवड्यात मळ्यात ट्रक आला आणि मोजणीच्या वहीतून फाडलेला, निळ्या रेघांचा एक कागद माझ्या हातात पडला. त्यात लिहिलं होतं की आखाजीच्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरला मी स्टेशनवर यावं. सगळं गाव सणात असेल, कोणाचं लक्ष जाणार नाही. आपण लांब जाऊ. तुझ्याशिवाय मी स्वतःचं काय करून घेईन सांगता येत नाही. आणि खाली, आईच्या पाटल्या बरोबर घे, सुरुवातीला लागतील.

मी जाणार होते. हे मी आज सरळ लिहिते, कारण तेव्हा ते मी कोणालाच सांगितलं नाही. पेटीची किल्ली आई कुठे ठेवते ते मला माहीत होतं. स्टेशन पायी अर्ध्या तासावर, केळीच्या बागांमधून वाट. फक्त त्याआधी मला कोणीतरी 'वा' म्हणायला हवं होतं. पहिल्या दिवशी जिन्यातल्या हाकेला जशी सगळी ओसरी गप्प झाली, तशी एकदा व्हायला हवी होती. कोणाला विचारणार? मग मी एक अक्कल चालवली. पाचव्या दुपारी तो कागद मी कादंबरीत ठेवला आणि नायकानं मुलीला लिहिलेलं पत्र म्हणून वाचून दाखवला. माझ्या नावाच्या जागी तिचं नाव घातलं. आखाजीच्या जागी रविवार केला. जीव ओतून वाचलं.

लाटणी थांबली. क्षणभर वाटलं, जिंकले.

"थांब," काकू म्हणाली. "याची तं एवढी लांब मोटार हाये. मंग पॅसेंजर कशाले?"

मी पान मागे-पुढे करून बघितलं.

"अन् ही पोरगी मामाकडे वाढेल ना?" आई म्हणाली. "हिची माय तं ही लहान असतानाच मेली. मंग मायच्या पाटल्या कुठून आल्या?"

"लिहिणारा मागचं विसरला असेल," मी कसंबसं म्हटलं.

"विसरला नही," काकू म्हणाली. "आते कुठी त्याच्या तोंडून खरं निघालं. एवढे दिवस डोये दाखवत होता, वेय आली तसा पेटीकडे पाह्यला."

मग माझ्या शेजारून आवाज आला, अगदी हळू. "त्याले पोर पाहिजे ना? मंग सोनं कसाले मांगस?"

वहिनी माझ्याकडे बघत नव्हती. लाटीला तेलाचं बोट लावत होती.

मी पुस्तक मिटलं, डोकं दुखतंय म्हटलं आणि उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सोडलं नाही, शेवट वाचून घेतलाच. शेवटच्या बारा पानांत मुलीच्या आजारपणानं नायक सुधारतो, दारू सोडतो, गिरणी सांभाळतो. काकू म्हणाली, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, बारा पानांत सरळ होत असतं तर आपण सगळ्यांनीच आपापल्या घरी आजारी पडून पाहिलं असतं. बाया पोट धरून हसल्या आणि पापड उन्हात टाकायला गेल्या.

ते सगळं उमगून मी शहाणी झाले, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. मला त्यांचा राग आला. या बायांना काय कळतं प्रेमातलं, पापड लाटा म्हणावं. आखाजीच्या सकाळी मी दोन साड्या आणि त्या पाटल्या एका पिशवीत घालून पिशवी कडब्यामागे ठेवली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे सासुरवाशिणींचा सण. वर्षभर राबलेल्या मुली या एका सणाला माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. कोणी त्यांना काम सांगत नाही. गल्लीतल्या लेकी आल्या होत्या आणि सुना आपापल्या माहेरी गेल्या होत्या. आमच्या अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता. मी वाट बघत होते, आई पुरण वाटायला बसली की निघायचं.

तेवढ्यात शिंदखेड्याची वहिनी आली. हातात तेलाची वाटी. काही न बोलता झोक्यावर बसली आणि मला शेजारी बसायची खूण केली. मी बसले. तिनं माझी वेणी सोडली, तेल लावायला लागली. मी म्हटलं, "वहिनी, मला जरा काम आहे." ती म्हणाली, "जाय ना. मी कोठे धरी ठेवस तुले?" आणि खरंच तिनं धरलं नव्हतं. हात केसांतून काढून मांडीवर ठेवले आणि पायानं हळूहळू झोका देत राहिली. तिनं मला अडवलं असतं तर मी हिसडा मारून गेले असते, इतकी माझ्या अंगात रग होती. पण जा म्हणणाऱ्या माणसाला हिसडा कसा मारायचा?

मी उठले नाही. बराच वेळ झाला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं की ही आज इथं कशी?

"तुम्ही माहेरी नाही गेलात?"

"नही गऊ आवंदा."

"का? भाऊ आला नाही घ्यायला?"

"उनता. धाडी दिधा परत."

एवढंच. तिचा भाऊ शिंदखेड्याहून, एवढ्या उन्हात, दोन गाड्या बदलून तिला न्यायला आला होता आणि तिनं त्याला परत पाठवलं होतं. जिला आमच्या गावात बोलायचीही चोरी, तिचा वर्षातला तेवढा एक सण. ती माझ्या शेजारी बसायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण छापील पान आणि निळ्या रेघांचा कागद यांतला फरक कळायला अक्षर यावं लागत नाही. 'सगळं गाव सणात असेल' हे मी तसंच वाचून गेले होते, आणि जवळ आलेला सण आखाजीचाच होता; पत्रातला रविवार खोटा, हे तिनं मनाशी जुळवलं असणार. तिनं कोणाला सांगितलं नाही. माझ्या आईलाही नाही. पुढे वडिलांनी बघितलेल्या एका मास्तरांशी, हो, बैल बघूनच, माझं लग्न झालं, मुलं झाली, वहिनी गेली, तरी त्या दुपारविषयी आम्ही दोघी कधी बोललो नाही. आमच्यात वहिनीचे आभार मानायची पद्धत नव्हती. म्हणून ते इथं मानते.

त्या तरुणाचंही सांगते. बऱ्याच वर्षांनी तो मला भुसावळ स्टेशनवर दिसला. पोट सुटलेलं, खांद्यावर मुलगी, हातात बायकोची पिशवी. मुलगी त्याचा चष्मा ओढत होती आणि तो तिला ओढू देत होता. मी त्याला दोष देत नाही. माझ्यासारखीच त्यानंही ती कादंबरी वाचली होती, पण त्याला मोठ्यानं वाचून दाखवायला पापडाची ओसरी नव्हती.

झोक्यावर मात्र मला हे काहीच माहीत नव्हतं. मी मान खाली घालून बसले होते आणि डोळ्यांतलं पाणी पदरावर पडत होतं. लांबून, केळीच्या बागांपलीकडून, पॅसेंजरची शिटी ऐकू आली. गाडी स्टेशनात थांबली असावी, मग पुन्हा शिटी झाली आणि चाकांचा आवाज हळूहळू कमी होत गेला. वहिनीनं झोका थांबवला, माझ्या केसांची सैल वेणी घातली आणि उठून उभी राहिली.

"गाडी गई," ती म्हणाली. "चाल, आते जेवी ले. अन् पाटल्या पेटीमा ठी ये पहिले."